रस्त्यावरून तळघरात पिंपं उतरवणारा हॉइस्ट: मापं, जोडणी, चाचणी आणि देखभाल

बीअरचं ५० लिटरचं स्टीलचं केग भरलेलं असलं की ६३ ते ६५ किलो भरतं, रिकामं १२-१३ किलो. २०० लिटरचं पत्र्याचं पिंप पाण्यासारख्या द्रवाने भरलं तर २२० किलोच्या आसपास जातं. ही ओझी रस्त्याच्या पातळीवरच्या झडपेतून तळघरात उतरवायची आणि रिकामी वर आणायची, एवढंच हॉइस्टचं काम. मोटर, गिअर, साखळी हा त्यातला सोपा भाग आहे. हे सगळं तयार मिळतं आणि हिशेबात बसतं. अवघड आहे ते रस्त्यात पडणारं भोक सांभाळणं: त्यातून माणूस पडू नये, पाणी उतरू नये आणि माल ठेवायचा पाळणा हलताना कोणाचा हात-पाय मध्ये सापडू नये. म्हणून या लेखात मोटरपेक्षा झडपेवर जास्त लिहिलं आहे.

आधी ठरवा: हॉइस्ट लागतो का?

आठवड्याला चार-पाच केग येत असतील, तर दोन समांतर दांड्यांचा उतार आणि दोर पुरतो. दोराची दोन्ही टोकं वर पक्की बांधायची, मधला भाग आडव्या केगखालून वेढून वर आणायचा आणि तो हळूहळू सोडायचा. केग दोराच्या वेढ्यात गडगडत उतरतं आणि हाताला निम्मीच ओढ लागते. ४५ अंशांच्या उतारावर ६५ किलोचं केग धरायला घर्षण सोडून सुमारे २३ किलोची ओढ पुरते. खाली जाड गादी ठेवायचीच.

दिवसाला दहा-बारा केग किंवा २०० लिटरचं एखादं पिंप हलवायचं असेल, तर मात्र दोराचा विचार सोडा. पिंपाच्या बाबतीत दोर सुटण्याची एक वेळही परवडत नाही.

तिरका की उभा

तिरक्या हॉइस्टमध्ये दोन रुळांवरून पाळणा सरकतो. जुन्या उताराच्याच जागी तो बसतो, फरशी फोडावी लागत नाही, आणि रुळांचा वरचा तुकडा बिजागरीवर बसवून माल चढवताना रस्त्यावर उघडता येतो. पण त्याला आडवी जागा लागते: ३ मीटर खोलीसाठी ६० अंशांवर सुमारे १.७५ मीटर, ४५ अंशांवर पूर्ण ३ मीटर.

उभा हॉइस्ट कमी जागेत मावतो आणि पिंप उभंच राहतं. त्यात एक भौमितिक अडचण असते आणि ती कागदावर लक्षात न आल्यामुळे बरीच कामं अडतात. पाळण्याचा तळ रस्त्याला समपातळीत यायला हवा, पण उभे खांब रस्त्याच्या वर डोकावून चालणार नाहीत, नाहीतर झडप मिटणार नाही. मग खांबांवर धावणारी चाकं पाळण्याच्या तळाच्या खाली लटकणाऱ्या चौकटीत बसवावी लागतात. पाळणा खाली आला की ही चौकट कुठे जाणार? तळघराच्या फरशीत ८०० ते १००० मिलिमीटर खोल खड्डा करावा लागतो. झडप इमारतीच्या भिंतीला लागून असेल, तर खांब भिंतीच्या कडेने रस्त्याच्या वर मीटरभर नेता येतात आणि खड्डा टळतो. ज्या तळघरात जमिनीखालून पाणी झिरपतं, तिथे खड्डा करूच नका. तिथे तिरका हॉइस्ट बरा.

पाळणा रस्त्याच्या २००-३०० मिलिमीटर खाली थांबवून 'तेवढं हाताने उचलू' हा पर्याय सुचवला जाईल. तो मान्य करू नका. भोकाच्या कडेला वाकून ६५ किलो ओढणं हेच तर टाळायचं आहे.

पुढचं सगळं २५० किलो क्षमतेच्या, ३ मीटर उचलीच्या उभ्या हॉइस्टला धरून आहे.

मापं

५० लिटरच्या केगचा व्यास ठेवणीनुसार ३८० ते ४१० मिलिमीटर, उंची ५३० ते ६०० मिलिमीटर असते. २०० लिटरच्या पिंपाचा व्यास सुमारे ५८५ आणि उंची ८८० मिलिमीटर. पाळण्याचा तळ ९०० रुंद आणि ७०० खोल ठेवला की शेजारी-शेजारी दोन केग किंवा एक पिंप आरामात बसतं. तळाला ५ मिलिमीटर जाडीचा खवल्यांचा पत्रा घ्या आणि त्याला पाणी निथळायला भोकं पाडा. केग गडगडून बाहेर पडू नये म्हणून तिन्ही बाजूंना ९०० मिलिमीटर उंचीची जाळी आणि चौथ्या बाजूला अडकवायची आडवी सळई हवी. जाळीची भोकं इतकी बारीक घ्या की बोट आरपार जाणार नाही.

पाळणा आणि झडपेची चौकट यांतली फट २५ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवली, तर केगचं ओठ चौकटीला घासतं. ५० पेक्षा जास्त ठेवली, तर वर माल चढवताना पाय अडकतो. ३० ते ३५ मिलिमीटर बरं पडतं.

वजन, शक्ती, साखळी

माल २५० किलो आणि पाळणा ७० किलो, म्हणजे ३२० किलो; बलात ३१४० न्यूटन. १०बी साखळीची (रोलर साखळीचं एक प्रमाणित माप) पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, १५.८७५ मिलिमीटर. १७ दातांचं स्प्रॉकेट घेतलं तर एका फेऱ्यात पाळणा २७० मिलिमीटर सरकतो. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरला ६०:१ चा वर्म गिअरबॉक्स लावला की स्प्रॉकेट मिनिटाला २४ फेरे फिरतं. वेग मिनिटाला साधारण ६.५ मीटर पडतो आणि ३ मीटर चढायला २८ सेकंद लागतात. याहून जलद नको. केग डुलतात आणि बटण सोडल्यावर थांबण्याचं अंतर वाढतं.

या वेगाला निव्वळ शक्ती ३४० वॉट लागते. पण ६०:१ च्या वर्म गिअरची कार्यक्षमता ५५ ते ६५ टक्के आणि चाकं-साखळीची ८५ टक्के धरली, तर मोटरकडून ६१५ ते ७२५ वॉट मागितले जातात. ०.७५ किलोवॉटची मोटर कागदावर बसते, पण गार तळघरात गिअरचं तेल घट्ट झालेलं असताना ती कण्हते. १.१ किलोवॉट घ्या. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवर सुमारे १३६ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) येतो. २०० किंवा अधिक क्षमतेचा निवडा.

साखळ्या दोन, दोन्ही बाजूंना एकेक. १०बी साखळी सुमारे २२ किलोन्यूटनला तुटते, म्हणजे एक साखळी गेली तरी दुसरी एकटी सातपट सुरक्षिततेने भार धरते. त्यापेक्षा बारीक साखळी हिशेबात पुरते असं दिसलं तरी लावू नका. तळघरातला गंज हिशेबात नसतो.

वर्म गिअर आपोआप अडतो, म्हणजे ओझ्याने उलटा फिरत नाही, म्हणून ब्रेक नको, हा समज धोकादायक आहे. कंप, झीज आणि नवीन निसरडी तेलं यांमुळे तो अडणं सुटतं आणि भरलेला पाळणा हळूहळू सरकू लागतो. वीज गेली की स्प्रिंगने लागणारा ब्रेक असलेलीच मोटर घ्या. १.१ किलोवॉट मोटरचा टॉर्क ७.३ न्यूटन-मीटर असतो; ब्रेक त्याच्या दुप्पट, म्हणजे १५ चा हवा.

चाकं किती अंतरावर

पाळणा खांबांपासून एका बाजूला बाहेर लटकतो, त्यामुळे माल त्याला पुढे झुकवायला बघतो. मालाचं केंद्र खांबांपासून ४५० मिलिमीटरवर आणि पाळण्याचं ३५० वर धरलं, तर एकूण झुकवणारा टॉर्क सुमारे १३४५ न्यूटन-मीटर होतो. वरच्या आणि खालच्या चाकांत ६०० मिलिमीटर अंतर असेल, तर प्रत्येक चाकावर ११२० न्यूटन दाब येतो. ३०० अंतर ठेवलं, तर २२४०. खड्डा उथळ करण्यासाठी हे अंतर कमी करण्याचा मोह होतो, आणि मग वर्षभरात चाकांची बेअरिंगं जातात, खांबांना आतून चरे पडतात. खड्ड्यात वाचवलेले २०० मिलिमीटर बेअरिंगच्या खर्चातून फेडावे लागतात.

झडप

दोन पाकळ्यांची, बाहेर उघडणारी झडप घ्या. पाकळ्या पूर्ण उघडल्यावर ९० अंशांच्या किंचित पुढे जाऊन खटक्यात अडकायला हव्यात. वाऱ्याच्या झोताने मिटणारी पाकळी डोक्यावर आपटते. गॅस स्प्रिंग लावल्या तरी खटका हवाच, कारण स्प्रिंगचा गॅस वर्षांनी कमी होतो आणि ते कळत नाही.

पाकळ्यांच्या उघड्या बाजूंना ११०० मिलिमीटर उंचीचे अडसर उभे राहिल्याशिवाय भोक उघडं ठेवायचं नाही. हे केवळ शिस्तीवर सोडू नका. अडसर जागेवर बसले आणि दोन्ही पाकळ्या खटक्यात अडकल्या, असं दोन्हीकडच्या स्विचनी सांगितल्यावरच पाळण्याला शेवटचा दीड मीटर वर चढू द्या. तळघरातही हेच: पाळणा वर असताना खाली खड्डा उघडा पडतो. तिथे दार लावा आणि ते उघडं असेपर्यंत पाळणा हलू नये अशी जोडणी करा.

पाणी दोन वाटांनी येतं. एक पाऊस: झडपेच्या चौकटीला आतून सर्व बाजूंनी ४० मिलिमीटर रुंद पन्हळ द्या आणि तिचा निचरा खड्ड्यात न सोडता वेगळ्या नळीने बाहेर काढा. रस्त्यावरची वाळू आणि पानं पन्हळीत साचतात, म्हणून नळी किमान ४० मिलिमीटर व्यासाची घ्या. दुसरी वाट लोकांच्या लक्षात येत नाही. बीअरचं तळघर ११ ते १३ अंश सेल्सिअसवर ठेवतात. झडप उघडली की बाहेरची उबदार दमट हवा आत येते आणि गार लोखंडावर दव धरतं. पाऊस पडला नाही तरी खांब ओले होतात. म्हणून खांब आणि पाळणा गॅल्व्हनाइज केलेला घ्या. कापलेल्या आणि ड्रिल केलेल्या कडांवर जस्ताचा रंग त्याच दिवशी लावा.

जोडणी, क्रमाने

१. झडपेच्या चारही कोपऱ्यांतून ओळंबे सोडा. जुन्या बांधकामात झडपेची चौकट खालच्या भिंतीला समांतर असेलच असं नाही. खांबांची जागा ओळंब्यांवरून ठरवा, भिंतीवरून नव्हे.

२. खड्डा आणि निचऱ्याची कुंडी आधी पूर्ण करा. खड्ड्याच्या तळाला एका कोपऱ्याकडे उतार द्या. पंप बसवायचा असेल तर त्याचा तरंगता स्विच पाळण्याच्या वाटेत येत नाही ना, हे आत्ताच बघा.

३. खांब उभे करा. भिंत भरीव काँक्रीटची असेल, तर एम१६ चे केमिकल अँकर (रेझिनने भोकात चिकटवलेले बोल्ट), प्रत्येक खांबाला किमान चार ठिकाणी. जुन्या विटांच्या भिंतीत फुगणारे बोल्ट वापरू नका. ते वीट फोडतात आणि चाचणीत टिकून नंतर ढिले होतात. भिंतीच्या पलीकडे जाता येत असेल तर आरपार बोल्ट आणि मागे १५० मिलिमीटरची चौकोनी प्लेट. तेही शक्य नसेल तर खांब फरशीवर उभे करून भार खालीच न्या आणि भिंतीकडून फक्त झुकाव सांभाळून घ्या.

४. खांब ३ मीटरमध्ये २ मिलिमीटरच्या आत ओळंब्यात आणि एकमेकांना समांतर हवेत. तळ, मध्य आणि माथा, तिन्ही ठिकाणी मोजा. पातळ पत्र्याचे तुकडे घालून जुळवा आणि मगच बोल्ट शेवटचा आवळा. आवळल्यावर पुन्हा मोजा. या टप्प्याला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

५. मोटर झडपेच्या थेट खाली ठेवू नका. वरच्या स्प्रॉकेटांचा शाफ्ट खांबाच्या बाहेर ५०० मिलिमीटर लांबवा आणि पोकळ शाफ्टचा गिअरबॉक्स तिथे चढवा. मोटर किमान आयपी ६५ ची (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाणारी), तिचा वायरचा तोंडभाग खालच्या बाजूला.

६. साखळ्या चढवा. दोन्हींच्या कड्या मोजून सारख्या हव्यात. ताण खालच्या स्प्रॉकेटच्या स्क्रूने द्या. पाळणा रिकामा असताना चारही कोपऱ्यांवर लेव्हल ठेवून ९०० मिलिमीटर रुंदीत २ मिलिमीटरपर्यंतच फरक राहू द्या.

विजेचं काम

बटणं दाबून धरेपर्यंतच पाळणा चालावा. सोडलं की थांबला पाहिजे. नियंत्रण २४ व्होल्टवर, वर आणि खाली प्रत्येकी एक बटण-पेटी, दोन्हींवर आणीबाणीत थांबवायचं, पिवळ्या पाठीवरचं लाल मशरूम बटण. पेटी अशा जागी हवी की चालवणाऱ्याला भोक दिसेल, पण तो त्यात वाकू शकणार नाही. वर-खालच्या कॉन्टॅक्टरना (मोटरला वीज जोडणारे स्विच) यांत्रिक इंटरलॉक द्या, म्हणजे दोन्ही एकदम लागणार नाहीत.

नेहमीच्या लिमिट स्विचच्या (टोकाला पोचल्यावर पाळणा थांबवणारा) पुढे ४०-५० मिलिमीटरवर शेवटचा स्विच बसवा. तो नियंत्रणाच्या वायरवर नव्हे, तर मुख्य पुरवठ्यावर काम करणारा आणि हातानेच परत बसवायचा असावा. याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. दुरुस्तीनंतर कोणी तीन फेजपैकी दोन अदलाबदल करून जोडल्या, तर 'खाली'चं बटण दाबल्यावर पाळणा वर जातो. त्या वेळी वरचा नेहमीचा स्विच फक्त 'वर'चा कॉन्टॅक्टर तोडतो, आणि चालू असतो दुसराच. पाळणा थांबत नाही. म्हणून शेवटचा स्विच तर हवाच, शिवाय फेजचा क्रम चुकला तर काहीच सुरू न होऊ देणारा रिलेही हवा.

जागेवर एकच फेज असेल तर एक फेज आत आणि तीन फेज बाहेर देणारा इन्व्हर्टर वापरा. ब्रेकची वायर इन्व्हर्टरच्या बाहेरच्या टोकांवर जोडू नका. तिथे व्होल्टेज वेगाबरोबर बदलतं, ब्रेक अर्धवट सुटतो आणि जळतो. त्याला स्वतंत्र पुरवठा द्या.

साखळी ढिली झाल्यावर वीज तोडणारे स्विच दोन्ही साखळ्यांवर लावा. पाळण्याखाली केग अडकलं आणि मोटर चालूच राहिली, तर साखळी खाली गोळा होते. अडकलेलं केग निघालं की पाळणा तेवढा धपकन पडतो.

चाचणी

आधी रिकामा पाळणा दहा वेळा वर-खाली. मग स्थिर चाचणी क्षमतेच्या १२५ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ३१२ किलो: वजनकाट्यावर तोललेल्या वाळूच्या गोण्या उत्तम. पाळणा तळापासून ३०० मिलिमीटरवर थांबवा, खांबावर खूण करा, दहा मिनिटांनी बघा. पाळणा खुणेवरून हलला असेल तर ब्रेकमध्ये दोष आहे. चालती चाचणी ११० टक्क्यांनी, २७५ किलो, तीन पूर्ण फेऱ्या. अधल्यामधल्या उंचीवर मशरूम बटण दाबा आणि थांबण्याचं अंतर मोजा. प्रत्येक स्विच, अडसर आणि दार एकेक करून उघडून पाळणा थांबतो का ते बघा. शेवटी सगळे अँकर पुन्हा आवळून तपासा. पाळण्यावर क्षमता आणि 'माणसांना बसण्यास मनाई' ठळक लिहा. हा मालाचाच हॉइस्ट आहे आणि त्याचे ब्रेक-साखळ्या माणसासाठी ठरवलेल्या नाहीत. तपासणीचे स्थानिक नियम असतील तर वापर सुरू करण्याआधी ते पूर्ण करा.

रोज चालवताना

अडसर आधी, झडप नंतर. मिटताना उलट. केग उभी ठेवा, आडवी नाहीत. जड केग खांबांच्या बाजूला, हलकं बाहेरच्या बाजूला. पिंप कडेवर फिरवत आत न्या आणि तळाच्या मध्यावर उभं करा. पाळणा समपातळीपासून ५ मिलिमीटरच्या आत थांबत नसेल, तर लिमिट स्विच सरकवा; १० मिलिमीटरच्या पायरीवर केग अडकतं आणि ढकलणाऱ्याचा तोल जातो.

खड्ड्यात उतरण्याआधी मुख्य स्विच बंद करून कुलूप लावा आणि पाळण्याखाली टेकू द्या. जिथे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर जोडलेले असतात तिथे आणखी एक धोका आहे. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे गळती झाली तर तळघरातल्या सर्वांत खोल जागी, म्हणजे याच खड्ड्यात साचतो. कामाच्या जागेची रूढ मर्यादा ८ तासांच्या सरासरीला ५००० पीपीएम, म्हणजे अर्धा टक्का आहे. वायू वाढला की वाजणारा मापक खड्ड्याजवळ, फरशीपासून सुमारे ३०० मिलिमीटर उंचीवर लावा. तो वाजत असेल तर आत पडलेल्या माणसाला काढायलाही एकट्याने उतरू नका.

काय बिघडतं, का बिघडतं

थांबल्यावर पाळणा हळूच खाली सरकतो: ब्रेकच्या अस्तरावर गिअरचं तेल आलं आहे, किंवा ब्रेकमधली फट झिजून वाढली आहे. फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा आणि मोटरच्या पाटीवरच्या आकड्याला आणा. तेल आलं असेल तर अस्तर पुसून चालणार नाही, बदला, आणि तेलाचा सील शोधा.

बटण दाबल्यावर मोटर नुसती गुणगुणते, पाळणा हलत नाही: बहुतेक वेळा एक फेज गेलेली असते. फ्यूज आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट बघा. मोटर लगेच बंद करा, काही मिनिटांत जळते.

एकाच उंचीवर हिसका बसतो: खांबाच्या सांध्याला पायरी आहे किंवा चाकावर सपाट ठिपका पडला आहे. हिसका दर फेऱ्याला एकाच जागी येत असेल तर सांधा, आणि ठरावीक अंतराने येत राहिला तर चाक.

पाळणा एका कोपऱ्यात झुकतो: एक साखळी जास्त ताणली गेली आहे. स्क्रूने जुळवून काम चालवू नका, आधी मोजा. १०बी साखळीच्या २० कड्या नव्या असताना ३१७.५ मिलिमीटर भरतात, ३२३.८ झाल्या की २ टक्के झीज झाली. दोन्ही साखळ्या एकदम बदला, स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले असतील तर तेही. एकच बदलली, तर नवी आणि जुनी वेगवेगळ्या चालीने ताणल्या जातात आणि महिन्याभरात पाळणा पुन्हा तिरका होतो.

साखळीला दर महिन्याला तेल द्या, घट्ट ग्रीस नव्हे. झीज पिन आणि बुशच्या मध्ये होते आणि ग्रीस तिथे पोचत नाही. बाहेर राहून ते रस्त्यावरची वाळू मात्र धरून ठेवतं. आधी कोरड्या ब्रशने साखळी साफ करा, मग पाळणा रिकामा चालवत कड्यांच्या आतल्या बाजूला तेल सोडा, आणि अर्ध्या तासाने जास्तीचं फडक्याने पुसा. पाळणा ब्रशजवळून जात असताना हात साखळीपासून दूर, आणि बटणावर दुसरा माणूस.